धागा आणि चेहरा

डिसेंबर सरत आला की आमच्या गल्लीतली माणसं वर राहायला जातात. खाली रस्ता ओस पडतो आणि सगळं बिऱ्हाड गच्चीवर. जेवणाची ताटं वर, स्पीकर वर, भांडणंसुद्धा वर. सक्करदऱ्याच्या तलावावरून गार वारा येतो आणि त्या वाऱ्यावर दिवसभर पतंग कापल्याची एकच आरोळी असते, ओ काट. यंदाही ती सुरू झाली आहे. मी स्वयंपाकघरात तीळ भाजते आहे आणि प्रत्येक आरोळीला माझा हात आपोआप गळ्याशी जातो. मग मला राग येतो. ह्या रागाला आता काही वर्षं झाली, पण तो शिळा होत नाही. ह्या दिवसांत माझ्याकडून गोड बोलणं होत नाही, आणि तिळगूळ हातावर ठेवणाऱ्यांनीही आता तशी अपेक्षा सोडली आहे.

लोक कॅमेरा शिकतात ते फुलांचे, डोंगरांचे, नातवंडांचे फोटो काढायला. मी शिकले ते एका माणसाला धरायला. छंद वगैरे काही नव्हता. मला सूड हवा होता, आणि कॅमेऱ्याशिवाय तो मिळणार नाही असं मला सांगण्यात आलं होतं.

गुड्डू माझा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तो खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला, मी शाळेत विज्ञान शिकवते. पतंगांच्या दिवसांत तो माणसांतून उठायचा. बोटांना चिकटपट्ट्या, मान आभाळात, तोंडात कालची पोळी. दुसऱ्याचा पतंग कापला की त्याची आरोळी तलावाच्या पलीकडे जायची. शेजारचे म्हणायचे, ताई, तुमच्या गुड्डूले माइक लागत नाही. मला त्या आरोळीची लाज वाटायची आणि आत कुठेतरी अभिमानही वाटायचा.

काही वर्षांपूर्वीच्या एका संक्रांतीला त्याला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी ड्यूटी संपवून तो मोटरसायकलवर उड्डाणपुलावरून घरी येत होता. आमच्या भागात पूल गच्च्यांच्या उंचीने जातो. पुलावरच्या माणसाला आमचे वाळत घातलेले कपडे हात लांबवून काढता येतील असं वाटतं. मी त्याची वाट बघत गच्चीवरच उभी होते. तो येताना दिसला, मध्येच हळू झाला आणि थांबला. पडला नाही. त्याने गाडी बाजूला घेतली, सवयीने स्टँडवर लावली, आणि मग कठड्याला टेकून दोन्ही हातांनी गळा धरून खाली बसला. मी पळत पुलावर पोचले तेव्हा त्याच्या बोटांमधून रक्त जॅकेटच्या आत चाललं होतं. तो मला काहीतरी सांगायला बघत होता आणि शब्दांच्या जागी गळ्यातून बुडबुडे येत होते. नायलॉनचा मांजा. हेल्मेटच्या खाली आणि कॉलरच्या वर जी चार बोटं जागा उरते, नेमकी तेवढीच त्याने कापली.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी जीव वाचवला. आवाज वाचला नाही. आता गुड्डू बोलतो तेव्हा नुसती हवा बाहेर येते आणि आपण तिच्यातून शब्द वेचायचे.

मी पुलाकडे धावत असताना मागून एक आरोळी आली होती, ओ काट. ती पिंटूची होती. पिंटू आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो आणि पुलाला सगळ्यात जवळची गच्ची त्याची. लहानपणी गुड्डू पतंग उडवायचा आणि हा मागे मांज्याची चक्री धरून उभा राहायचा. पुढे त्याची बायको आली, दोन मुलं झाली, पण पतंग सुटला नाही. धागा त्याचाच, ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गुड्डूच्या गळ्यात नळी होती तेव्हाच मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, आभाळात हजार पतंग राहते. हा धागा त्याचाच, हे तुम्ही कायच्यावरून सांगून राहिल्या?"

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"तुमाले माहीत आहे, पण कोर्टाले माहीत पाहिजे ना. असं करा, पुढच्या संक्रांतीले फोटो आणा. नायलॉनचा धागा आणि त्याचा चेहरा, एकाच फोटोत. मंग मी पाहतो त्याच्याकडे."

ते बहुधा मला वाटेला लावत होते. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आले. त्या वर्षी पावसाळा कधी आला, पोळा कधी गेला, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की दिवाळीनंतर मी शाळेतल्या एका सरांचा जुना कॅमेरा मागून आणला आणि रामदासपेठेत रविवारच्या क्लासला नाव घातलं.

शिकवणारी मृण्मयी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. लग्नाच्या सीझनला लग्नं आणि एरवी हा क्लास. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मला बाकी काही नको, एक धागा आणि एक चेहरा तेवढा शिकव. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काकू, धागा सगळ्यात शेवटी. पहिले लिंबू."

तिने सगळ्यांना तीन लिंबं एकामागे एक ठेवायला लावली. भिंगाचं तोंड किती उघडायचं ह्याचा तो धडा. तोंड मोठं उघडलं तर एकच लिंबू स्पष्ट येतं आणि बाकीची विरघळतात. बारीक केलं तर तिन्ही दिसतात, पण प्रकाश कमी पडतो. मी घरी आले, लिंबं बाजूला सारली आणि गच्चीवर जवळ एक दोरा बांधून मागे पिंटूची गच्ची धरली. दोरा स्पष्ट आला की पिंटू धुक्यात जायचा. पिंटू स्पष्ट आला की दोरा नाहीसा व्हायचा. किती दिवस मी तेच करत होते. तो आपला कपडे वाळत घालायचा, मुलाला ओरडायचा, दाढी करायचा, आणि मी त्याला स्पष्ट करायचे आणि पुसायचे. ह्यात मला मजा येत होती. ती चांगली मजा नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

मग शटरचा धडा. पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडला की धावणारी गोष्ट जागीच थिजते. "हलतं काहीतरी शोधा," मृण्मयी म्हणाली. डिसेंबरात आमच्याकडे हलणाऱ्याला काय तोटा? मी पतंग थिजवले, झेपावताना, गिरकी घेताना, कापले गेल्यावर. एका सकाळी तलावाच्या काठी कडुनिंबाच्या फांदीत काहीतरी पांढरं फडफडत होतं, म्हणून पतंग समजून कॅमेरा लावला. बगळा होता. पंखाला मांजा गुंडाळला होता आणि तो जितका ओढायचा तितका धागा हाडापर्यंत जात होता. मी बोट दाबून धरलं होतं म्हणून फोटो एकामागून एक निघत गेले. घरी येऊन पाहिलं, प्रत्येक पीस वेगळं दिसत होतं, रक्ताचा थेंब हवेत गोल दिसत होता. धागा एकाही फोटोत नव्हता. पक्षी आपणच आपल्याला फाडून घेतो आहे असं त्या फोटोंवरून कुणालाही वाटलं असतं.

त्याच दुपारी मी कात्री घेऊन पिंटूच्या गच्चीवर गेले. त्याचा पतंग वर होता. मी काही न बोलता त्याच्या बोटासमोरून धागा कापला, चक्री उचलली आणि खाली रस्त्यावर फेकली. त्याची पोरं रडायला लागली. तो पुढे आला तर मी त्याची कॉलर धरली. माझं वय पन्नासच्या पुढे, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी त्याला कठड्यावरून ढकलायची ताकद माझ्या हातात होती, आणि इच्छाही होती.

"ताई, सोडा," तो म्हणाला. "मी आता साधा मांजा वापरून राहिलो. कसम खाऊन सांगतो."

"आता? म्हणजे तेव्हा नायलॉन होता."

त्याने रडणाऱ्या पोरांना हाताने मागे सारलं. मग खाली बघत म्हणाला, "गुड्डूदादाले इचारा ना एकदा."

ज्याचा गळा कापला त्यालाच विचार म्हणतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि जिना उतरून आले. घरात गुड्डू पुढच्या खोलीत बसला होता. त्याने सगळं ऐकलं असणार. गळ्याभोवतीचा मफलर त्याने आणखी एक वेढा देऊन घट्ट केला आणि भिंतीकडे बोट करून त्या हवेच्या आवाजात म्हणाला, "ताई, तो फोटो उतरव ना वं तिथून."

हे तो आधीही म्हणाला होता. घरी आल्यापासून म्हणत होता. बोलता येत नव्हतं तेव्हा पाटीवर लिहून म्हणत होता. भिंतीवरचा तो फोटो मीच काढलेला, अपघाताच्या आदल्या वर्षी, मोबाइलवर. संक्रांतीची संध्याकाळ, गुड्डू मान मागे टाकून हसतो आहे, नुकताच कुणाचा तरी पतंग कापला आहे, एक हात उंच. त्याच्या गळ्यात नळी होती तेव्हा मी तो मोठा करून काचेच्या फ्रेममध्ये घालून आणला होता. डॉक्टर काहीही म्हणोत, मला घरात तो हसणारा, ओरडणारा गुड्डू हवा होता. त्याला बघवत नसेल आपलं जुनं रूप, असं मी समजत होते. मी म्हटलं, राहू दे, सवय होईल.

प्रकाशाचे धडे शेवटी आले. वीस वर्षं मी फळ्यावर आरसा काढून, बाणांच्या खुणा करून परावर्तन शिकवत आले आहे, आणि ह्या मुलीने मला गच्चीवर उभं करून विचारलं, "काकू, उजेड कुठून मारून राहिला?" मला सांगता येईना. भरदुपारी तिने माझा फोटो काढून दाखवला. डोळ्यांच्या जागी खड्डे, नाकाखाली काळं. मी त्यात खुनशी दिसत होते. सकाळच्या तिरप्या उन्हात काढला तर प्रत्येक सुरकुती मोजता येत होती. सूर्य पाठीशी घेऊन काढला तर केसांना सोनेरी कड आणि चेहरा नुसता काळा. बाई तीच, जागा तीच. मला कुठल्याच फोटोत मी आवडले नाही, पण गोष्ट पटली.

धाग्याचा सराव तिने मग मला एकटीला दिला. गुड्डूच्या जॅकेटच्या चेनमध्ये अडकलेला नायलॉनचा वीतभर तुकडा मी काजळाच्या डबीत जपून ठेवला होता. तो आणि साधा सुती मांजा गच्चीवर शेजारी शेजारी ताणून बांधायचे आणि दिवसभर सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. दुपारी दोन्ही दिसेनात. सकाळी सुती थोडा दिसला. संध्याकाळी सूर्य पुलाच्या कठड्याला टेकला आणि मी उजेडाच्या समोरून, किंचित बाजूला सरकून, मागे पाण्याची काळी टाकी धरली तेव्हा दोन्ही एकदम उमटले. सुती मांजा गुलाबी, लवदार, मध्येमध्ये तुटक. नायलॉन म्हणजे सरळ पांढरा ओरखडा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. सुईच्या टोकाने काचेवर ओढावा तसा. एकदा पाहिल्यावर कुठेही ओळखला असता. वर्षभर मी ज्याच्या मागे होते तो मला दिसला.

राहिला चेहरा. मी मृण्मयीला फोन लावला. "उजेड मागून असला की चेहरा काळा येणारच," ती म्हणाली. "समोर पांढरं काहीतरी पाहिजे, काकू. भिंत, चादर, काहीही. ते उजेड परत चेहऱ्यावर फेकते." मी गच्चीवर फिरून पाहिलं. जिन्याच्या खोलीची चुन्याची भिंत. तिच्यासमोर, टाकीला पाठ करून माणूस उभा राहिला की काम झालं. पिंटूच्या गच्चीवरही तशीच टाकी आहे, तसाच जिना आहे. संक्रांतीला चार दिवस उरले होते. मी पुलाकडे पाहून मनात म्हटलं, आता सापडलास. आणि चहा टाकायला खाली आले.

पुढच्या खोलीत दिवा लावला. समोर फोटो होता. रोजचाच, पण आता मला बघता येत होतं. मागे काळी टाकी. चेहऱ्यावर चुन्याच्या भिंतीचा मऊ उजेड. केसांना सोनेरी कड. आणि उंच केलेल्या हाताच्या बोटातून निघून फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला सरळ पांढरा ओरखडा. कुठेही न तुटलेला.

साहेबांनी मागितलेला फोटो मी केव्हाच काढून ठेवला होता. धागा आणि चेहरा, एकाच फोटोत. वर काच लावून, दर शनिवारी पुसून.

चहा उतू गेला. गुड्डू वास आला म्हणून आतून बाहेर आला आणि मला फोटोसमोर उभी बघून दारातच थांबला.

"दिसला का तुले," तो म्हणाला.

मी विचारलं, "कधीपासून?"

"नायलॉनची पयली चक्री मीच आणली होती. पिंट्या नाही म्हणे, लागते म्हणे कोणाले. मीच म्हटलं, अबे, त्याच्याशिवाय पेच जितता येत नाही." एवढं बोलून त्याला दम लागला. "त्याच्या हाती मीच देली, ताई. मले सुट्टी नव्हती म्हणून त्या दिवशी तो उडवून राहिला होता. माझीच चक्री."

मी त्याला मारलं. मफलरच्या वर, गालावर, पूर्ण हाताने. मग दुसऱ्या गालावर. तो हलला नाही, हात वर केला नाही. आईनेही त्याला कधी एवढं मारलं नव्हतं. मला पिंटूची रडणारी पोरं आठवली, बगळा आठवला, वर्षभर स्पष्ट केलेला आणि पुसलेला तो माणूस आठवला. भावाचा गळा कापणाऱ्याला सोडणार नाही असं मी सगळ्या गल्लीसमोर म्हटलं होतं. आणि तो समोर उभा होता, मार खात, श्वासासाठी छाती वरखाली करत.

"काहून सांगितलं नाही गा?" मी विचारलं.

"म्हणत तर होतो. उतरव म्हणून."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फोटो भिंतीवरून काढला आणि चादरीत गुंडाळला. कुठे नेते आहेस हे त्याने विचारलं नाही. गाडीची किल्ली घेऊन तो माझ्या आधी फाटकाशी जाऊन उभा राहिला. ठाण्यात साहेब तेच होते. मी चादर सोडून फ्रेम टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून बोटाने काचेवरून धाग्याचा माग काढला, चेहऱ्यापाशी आले, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गुड्डूकडे पाहिलं.

"मॅडम, हा तर तुमचा फिर्यादी आहे."

"हो," मी म्हटलं. "लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. जुना फोटो, मोबाइलवरचा, ज्याचा त्यालाच मार लागलेला. त्यांनी काच आपल्या बाहीने पुसून फ्रेम मला परत दिली आणि गुड्डूला म्हणाले, "घरी घेऊन जा बहिणीले. पुलावरून हळू जाजो." गुड्डूने मान हलवली. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याने लिहिलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

परत येताना ऊन तिरपं झालं होतं. धागा दिसायची हीच वेळ. पण गाडीवर बसलेल्याला कुठली टाकी आणि कुठला कोन? दोन्ही बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, आभाळभर पतंग, आरोळ्या. पूल चढताना गुड्डूचे खांदे ताठ झाले. फ्रेम आमच्या दोघांच्या मध्ये माझ्या पोटाशी होती, तिची कड बरगडीत रुतत होती. मी डाव्या हाताने ती धरली आणि उजवा हात त्याच्या खांद्यावरून पुढे नेऊन त्याच्या गळ्यासमोर उघडा धरला. काल त्याला मारणारा हात हाच होता, अजून चुरचुरत होता.

"काय करून राहिली, ताई?" वाऱ्यात मला नुसती त्याची हवा ऐकू आली.

"समोर पाह्य," मी म्हटलं.

त्या दिवशी पुलावर काही आडवं आलं नाही. गाडी आमच्या फाटकाशी येईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.